मिशनरी भाषा कोणाकडून शिकला?

मिशनऱ्यांविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणजे, ते धर्मांतरासाठी आलेले कावेबाज लोक होते. हा सूर कोणाचा, हे सांगायला नको. दुसरा असा की, ते गावात राहिले, गावाची भाषा शिकले, गावाचेच होऊन गेले. हा दुसरा सूर आपल्यातलेही अनेक जण आदराने लावतात आणि तो सगळा खोटा नाही. पण ‘गावाची भाषा’, ‘गावाची संस्कृती’ म्हणजे नेमकी कोणाची, एवढे विचारल्याशिवाय आंबेडकरी माणसाने मान डोलवू नये. इथले गाव एक कधीच नव्हते. बाहेरून आलेला माणूस कोणत्या दाराने आत शिरतो, यावर तो काय शिकणार हे ठरते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण तमिळ देशातले आहे. रॉबर्टो दे नोबिली हा उमराव घराण्यातला इटालियन जेसुइट १६०६ साली मदुरैला पोहोचला. मदुरै हे काही खेडे नव्हते, नायक राजांचे मोठे शहर होते. तिथे गोन्सालो फर्नांडिस हा पोर्तुगीज जेसुइट आधीपासून काम करत होता. त्याच्याकडे येणारे ख्रिस्ती म्हणजे मुख्यतः किनाऱ्यावरचे परवर, म्हणजे मच्छीमार. स्थानिकांपैकी कोणी ख्रिस्ती होत नव्हते. नोबिलीने कारण शोधले. लोक पोर्तुगिजांना ‘परंगी’ म्हणत. आपल्याकडच्या ‘फिरंगी’चाच हा भाऊ. परंगी म्हणजे गोमांस खाणारा, दारू पिणारा, खालच्या जातींत उठबस करणारा.

नोबिलीने यावर जो उपाय केला तो नीट पाहा. परंगी आणि खालच्या जाती यांच्याविषयीची किळस चुकीची आहे, असे तो म्हणाला नाही. तो म्हणाला, मी परंगी नाहीच! मी रोमचा उच्चकुलीन, संन्यासी. त्याने ब्राह्मण वस्तीत झोपडी घेतली, भगवी वस्त्रे आणि खडावा घातल्या, मांस सोडले, स्वयंपाकाला ब्राह्मण ठेवला, गळ्यात जानवे घातले. फर्नांडिसबरोबर उघडपणे राहणे-जेवणे बंद केले. तमिळवर त्याने असे प्रभुत्व मिळवले की त्या भाषेत ग्रंथ लिहिले. शिवधर्म नावाच्या ब्राह्मण पंडिताकडून तो संस्कृत शिकला. संस्कृत शिकलेल्या पहिल्या काही युरोपीयांत त्याचे नाव घेतात. त्याची मेहनत नाकारण्याचे कारण नाही. परदेशी माणसाने उतारवयापर्यंत दुसऱ्याच्या भाषेत जगायचे, ही सोपी गोष्ट नव्हे. पण पंडिताच्या पायाशी बसून तो भाषेबरोबर विटाळही शिकला.

फर्नांडिसने वरिष्ठांकडे तक्रार केली. वाद गोव्यात गेला, तिथून रोमला. नोबिलीचा युक्तिवाद असा होता की जानवे, शेंडी, गंध या धार्मिक गोष्टी नाहीत, त्या फक्त कुळाच्या आणि समाजातल्या दर्जाच्या खुणा आहेत. म्हणून ख्रिस्ती झाल्यावरही त्या ठेवायला हरकत नाही. १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी तशी परवानगी दिली. सोबत, उच्चकुलीनांनी खालच्यांना तुच्छ लेखू नये असा उपदेशही केला. सवलत अमलात आली, उपदेश कागदावर राहिला.

आता याच्यासमोर १९३६ सालचे ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ ठेवा. बाबासाहेब सांगतात, जात टिकते ती शास्त्रांच्या पावित्र्यावरच्या श्रद्धेमुळे. त्या श्रद्धेलाच हात घाला. नोबिली म्हणतो, जातीचा धर्माशी संबंध नाही, तेव्हा तिला हात लावण्याचे कारण नाही. आजही ‘जात ही फक्त सामाजिक बाब आहे, धर्माला मध्ये आणू नका’ असे म्हणणारे भेटतात. त्यांचा हा पूर्वज सतराव्या शतकात मदुरैत बसला होता.

पुढे काय झाले? नोबिलीच्याच हयातीत मिशनऱ्यांचे दोन वर्ग पडले. ब्राह्मणांसाठी संन्यासी आणि खालच्या जातींसाठी पंडारस्वामी. परैयर ख्रिस्ती आजारी पडला तर अखेरच्या संस्कारासाठी त्याच्या घरात पाऊल टाकायचे की नाही, यावर चर्चमध्ये दशकानुदशके भांडण चालले. १७०४ साली पोपच्या प्रतिनिधीने ‘घरात जा’ असा हुकूम काढला. १७४४ साली शेवटी तोडगा निघाला तो असा की परैयरांसाठी वेगळे मिशनरी नेमावेत! तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिश्चनांची दफनभूमी आजही वेगळी आहे. भिंत घालून वेगळी केलेली.

मिशनरी आधी विद्वान ब्राह्मणांशी वादविवाद करायला गेले, मग वरच्या जातींना शिक्षण देत बसले, आणि शिकलेले लोक काही ख्रिस्ती झाले नाहीत, असे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरच्या लेखात परखडपणे मांडले आहे. मिशनऱ्यांच्या सेवाकार्याचा मान राखूनच त्यांनी हे लिहिले, हेही लक्षात ठेवावे.

आणि हे फक्त मिशनऱ्यांचे नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली कर्नाटकातल्या रामपुरात राहिले ते गावच्या मुखियाच्या आसऱ्याने. आपल्याला गाव वरच्या जातींच्या बाजूने दिसले, हे त्यांनी पुढे स्वतःच प्रामाणिकपणे लिहिले. एम.ए.ला असताना आमचीही क्षेत्रभेट सरपंचाच्या ओसरीवरून सुरू झाली होती. चहा झाला, गावाची ‘माहिती’ मिळाली, वह्या भरल्या. बौद्धवाड्यात आम्ही पोहोचलो तेव्हा परतीची गाडी सुटायला अर्धा तास उरला होता.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू तथागतांना म्हणाले की, नाना जातीकुळांचे लोक आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात, ते आम्ही छंदात, म्हणजे वेदांच्या भाषेत बांधतो. तथागतांनी त्यांना फटकारले आणि आपापल्या बोलीतच शिका असे सांगितले. नोबिलीच्या दोन हजार वर्षे आधी हा प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर नोबिलीच्या उलट दिले गेले होते.

मिशनऱ्यांच्या हातून दुसरेही घडले, ते आपल्या महाराष्ट्रात. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगरात ‘ज्ञानोदय’ सुरू केले. १८५५ साली त्यात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, मांग समाजातली मुलगी. ती मिशनच्या शाळेतली नव्हती, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली होती. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. मिशनऱ्यांनी तो छापला, पण शिकवून तिच्याकडून वदवला नव्हता. ती मांगवाड्यातून बोलत होती, आणि त्या वेळी मिशनरी ऐकणाऱ्याच्या जागी होता.