साठी, बुद्धी आणि मेंदूचा फोटो

मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात, आमच्या घरच्या दखनीत ‘सठिया गए’. दोन्हीकडे विस्मरणाचा दोष वयावर टाकून विषय संपवला जातो. दादी नातवंडांची नावे विसरू लागली, तरी तिला डॉक्टरकडे न्यावे असे पुष्कळ घरांत कुणाला सुचत नाही. हा समज कसा मोडला, ते पाहण्यासारखे आहे.

१९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या इस्पितळात ऑगस्टे डेटर नावाची बाई दाखल झाली. वय अवघे ५१. नवऱ्याचे नाव विचारले, तरी ती स्वतःचेच सांगे. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिची प्रश्नोत्तरे बारकाईने लिहून ठेवली. १९०६ मध्ये ती वारली. तेव्हा म्युनिकमध्ये असलेल्या अल्झायमर यांनी तिचा मेंदू मागवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर साचलेला थर आणि आत तंतूंचे गुंते दिसले. रुग्णाचे बोलणे आणि मेंदूची तपासणी त्यांनी एकत्र मांडली, म्हणून हा आजार ओळखू आला. १९१० साली क्रेपेलिन यांनी त्याला अल्झायमर यांचे नाव दिले.

पण मेंदू पाहायचा तर माणूस मरावा लागे. ही अडचण हळूहळू दूर झाली. एमआरआयमध्ये आकसलेला मेंदू दिसू लागला. २००४ मध्ये पिट्सबर्गच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या रसायनामुळे तो साचलेला थर जिवंतपणी पेट स्कॅनमध्ये दिसल्याचे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेत ‘ॲडनी’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यात त्याच माणसांचे स्कॅन, रक्त, पाठीच्या कण्यातले पाणी आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या वर्षानुवर्षे घेतल्या जातात, आणि ही माहिती जगभरच्या संशोधकांना खुली असते.

मग नुसता फोटो पुरेसा आहे का? नाही. अमेरिकेत ६७८ कॅथलिक जोगिणींवर झालेल्या अभ्यासात एक जोगीण १०१ व्या वर्षी वारली. शेवटपर्यंत ती चाचण्यांत उत्तम गुण मिळवत होती, पण मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या. माणसाचे आयुष्य फोटोत मावत नाही.

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील ६४८ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली होती, अगदी निरक्षरांतही. एवढ्यावरून दुसरी भाषा हे औषध ठरत नाही. पण घरात दखनी, बाजारात मराठी बोलत आयुष्य काढलेल्या आपल्या अम्मी-अब्बांना त्यांच्याच भाषेत तपासायला हवे, हे उघड आहे. शाळेत न गेलेल्या बाईला लिहायला-वाचायला लावून ‘नापास’ करणे म्हणजे निदान नव्हे. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी १९९० च्या दशकातच तयार झाली होती.

म्हणून सांगतो, डॉक्टरकडे जाताना केवळ स्कॅनची फाईल नेऊ नका. विसरणे कधी सुरू झाले, आधी काय विसरले, घरात कोणती भाषा बोलतात, हे कागदावर लिहून न्या. अल्झायमर यांनी सुरुवात अशाच कागदाने केली होती.