१७६६३१९०४९ : वर्गप्रकृतीच्या इतिहासातील एक संख्या

भास्कराचार्यांनी शके १०७२ (इ.स. ११५०) मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या ‘बीजगणित’ या भागात पुढील प्रश्न आढळतो : कोणत्या वर्गास ६१ ने गुणून त्यात १ मिळविल्यास पुन्हा पूर्ण वर्गच येईल? शून्य वगळता या प्रश्नाचे लहानात लहान पूर्णांकी उत्तर म्हणजे कनिष्ठ मूळ २२६१५३९८० व ज्येष्ठ मूळ १७६६३१९०४९. ६१ च्या शेजारच्या संख्या मात्र सहज सुटतात. ६० साठी ४ व ३१, तर ६२ साठी ८ व ६३ ही मुळे पुरतात. केवळ चाचपडत जाणाऱ्यास ६१ पाशी बावीस कोटींहून अधिक संख्या तपासाव्या लागतील.

भास्कराचार्यांची रीत याउलट थोडक्यात आटोपते. ८ च्या वर्गातून ६१ वजा जाता ३ हा क्षेप उरतो. कुट्टकाने ७ हा गुणक घेतला की चक्रवालाच्या एकाच फेरीत ५ व ३९ ही मुळे मिळतात आणि क्षेप उणे ४ होतो (३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५). येथे ब्रह्मगुप्ताची (इ.स. ६२८) भावना उपयोगी पडते. मुळांचे अर्ध करून, अपूर्णांकांतून वाट काढीत ३८०५ व २९७१८ ही मुळे व उणे १ हा क्षेप हाती येतो. त्यांची स्वतःशीच भावना केली की अंतिम उत्तर सिद्ध होते. त्या दहा अंकी संख्येची घडणही यातूनच उलगडते. तिच्यातून १ वजा केल्यास २९७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट उरते; तिच्यात १ मिळविल्यास ३८०५ च्या वर्गाची १२२ पट होते.

फेब्रुवारी १६५७ मध्ये फर्माने फ्रेनिकलला आव्हान म्हणून पाठविलेल्या प्रश्नांतही ६१ हीच संख्या आहे, सोबत १०९. या साम्यावरून उसनवारीचा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळावयास हवा. कोलब्रुकचे ‘बीजगणिता’चे इंग्रजी भाषांतर १८१७ चे आहे. शंभराच्या आतील संख्यांत ६१ चे लघुतम उत्तर सर्वांत मोठे असून ते मागे टाकणारी पुढची संख्या १०९ हीच होय. कठीण उदाहरण शोधणारा कोणीही जाणता गणिती याच ठिकाणी पोहोचावा.

श्रेयाचा प्रश्न मात्र एवढ्यावर संपत नाही. ऑयलरने या समीकरणास पेल याचे नाव दिले, वस्तुतः फर्माच्या आव्हानास उत्तर देणारी रीत ब्राउंकर व वॉलिस यांची होती. इकडे चक्रवालाचा जनक म्हणून भास्कराचार्यांचे नाव सर्रास घेतले जाते. परंतु हे नाव पूर्वीपासून प्रचलित असल्याचे ते स्वतःच सूचित करतात. उदयदिवाकराच्या १०७३ च्या टीकेत जयदेवाचे या रीतीसंबंधीचे श्लोक उद्धृत आहेत, हे १९५४ मध्ये कृपाशंकर शुक्ल यांनी दाखवून दिले. असे समीकरण नेहमीच सुटते याची सिद्धता या ग्रंथांत नाही. ती लाग्रांजने १७६८ मध्ये दिली. चक्रवाल प्रत्येक वेळी उत्तरापर्यंत पोहोचतेच, हे सिद्ध करण्याचे काम पुढे १९२९-३० च्या सुमारास ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी केले.