पत्रावळीचा सोंब्रेरो

पाच मे जवळ आला की अमेरिकेतल्या बालवर्गांत कागदी ताटल्यांवर ताटल्या रंगतात. ताटलीच्या मधोमध वाटी पालथी चिकटवायची, कडेनं नागमोडी रेघा, लोकरीचे गोंडे, झाला सोंब्रेरो, म्हणजे मेक्सिकोची रुंद काठाची हॅट! 5 मे 1862 रोजी मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या लढाईत जनरल इग्नासिओ सारागोसाच्या फौजेनं फ्रेंचांना हरवलं, त्याचा हा सण. त्याचा गाजावाजा मेक्सिकोपेक्षा अमेरिकेतच अधिक. मुलांची ही हॅटही तशीच, पर्यटकांच्या दुकानातून उचललेली. सोंब्रेरोचं खरं कूळ मात्र घोड्याच्या खोगिरावर शोधावं लागतं.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक मेक्सिकोत आले ते घोडे आणि रुंद काठाच्या हॅटा घेऊन. ताडाच्या पाती विणायचं कसब मात्र तिथल्या माणसांकडे आधीपासूनच होतं. सुरुवातीला या मूळ रहिवाशांना घोड्यावर बसायची सर्रास मनाई होती. पण मोठमोठ्या जहागिऱ्यांवरची हजारो गुरं पायी वळणार कोण? खोगीर त्यांच्या हाती द्यावंच लागलं. यातूनच चार्रो हा मेक्सिकन घोडेस्वार घडला. दिवसभराच्या उन्हात खांद्यांवरही सावली हवी, म्हणून हॅटचा काठ रुंदावत गेला. मालक लोकरीच्या किंवा सशाच्या केसांच्या नमद्याची, चांदीच्या कशिद्याची हॅट घालत, मजूर पातीची. माणसाची ऐपत लांबूनच कळे.

हॅटच्या उंच भागाला चार खोलगट चेपा असतात. त्यांना म्हणतात पेद्रादास, म्हणजे दगडाचे घाव. त्यांनी हॅटला ताठपणा येतो आणि स्वार पडलाच तर डोकं वाचायला मदत होते. थोडक्यात, हे शिरस्त्राणच.

पुढे राजकारणानं ती डोक्यावर घेतली. ऑस्ट्रियाहून आणून 1864 मध्ये गादीवर बसवलेला सम्राट माक्सिमिलियान 'मी तुमचाच' हे दाखवायला चार्रोचा पोशाख करी. 1867 मध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. पुढे सत्तेवर आलेल्या पोर्फिरिओ दियासच्या घोडदळी पोलिसांचा वेषही चार्रोचाच. आणि 1910 च्या क्रांतीत त्याच राजवटीविरुद्ध उठलेल्या एमिलियानो सापाताच्या छायाचित्रांतही तोच रुंद सोंब्रेरो! साध्या सुती कपड्यांत वाजवणाऱ्या मारियाची वादकांनी चार्रोचा थाट उचलला तो त्यानंतर, आणि सिनेमानं तो जगभर नेला.

जगानं मात्र त्यातून भलतंच चित्र उचललं: निवडुंगाखाली हॅट तोंडावर ओढून झोपलेला आळशी माणूस. गुरांमागे उन्हातान्हात राबणाऱ्या स्वाराची हॅट आळसाची खूण व्हावी, हा मला तरी शुद्ध अन्याय वाटतो.

तेव्हा मुलांबरोबर ती करायचीच असेल तर थोडी नीट करू या. आपल्या बाजारात चंदेरी कागदी पत्रावळी आणि द्रोण मिळतातच. पत्रावळीची कड चहूबाजूंनी वर वळवा. द्रोण पालथा घालून बोटांनी त्याला चार चेपा द्या, मग मधोमध चिकटवा. कडेला जुन्या साडीची जरीची किनार लावा आणि हनुवटीखाली बांधायला दोरी द्या, कारण ही घोडेस्वाराची हॅट आहे, दौडताना उडता कामा नये. गोंडे मात्र लावू नका. ते दुकानातल्या हॅटला असतात, चार्रोच्या नाही.