एनएसएस म्हणजे नेमकं काय? २४० तास, दत्तक गाव आणि एक जुना प्रश्न

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ‘रासेयो नोंदणी सुरू’ असं वाचलं की पहिला प्रश्न येतो, “याचे मार्क मिळतात का?” अनेक विद्यापीठांत मिळतात. पण राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजेच एनएसएस, मार्कांसाठी सुरू झालेली नाही. मग ती कशासाठी सुरू झाली?

सक्ती की स्वेच्छा?

स्वातंत्र्यानंतर लगेच नेमलेल्या राधाकृष्णन आयोगाने विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने समाजसेवा करावी, असं सुचवलं होतं. पुढे १९५९ मध्ये एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आणि माजी अर्थमंत्री. समितीचं म्हणणं होतं की, शाळा संपवून कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकाने आधी नऊ महिने ते वर्षभर सेवा करावी, आणि तीही सक्तीने.

हे काही झालं नाही. एवढ्या मुलांना वर्षभर सांभाळायचं तर खर्च प्रचंड आणि माणसंही तितकीच लागणार. नंतर कोठारी आयोगाने शिक्षणाला समाजसेवेची जोड देण्याची शिफारस केली. अखेर सक्तीऐवजी ऐच्छिक मार्ग निवडला गेला. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, तेव्हाचे शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू केली. तेव्हा स्वयंसेवक होते सुमारे ४० हजार. आज ही संख्या लाखांत मोजली जाते. २४ सप्टेंबर म्हणूनच ‘एनएसएस दिन’.

काम कसं चालतं?

योजना केंद्र सरकारच्या युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाची आहे. कॉलेजातल्या एका युनिटमध्ये साधारण १०० विद्यार्थी असतात आणि त्यांची जबाबदारी एका प्राध्यापकाकडे, म्हणजे कार्यक्रम अधिकाऱ्याकडे असते. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, असे दोन वर्षांत २४० तास काम करायचं. शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं विशेष शिबिर असतं.

बोधचिन्ह कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथचक्रावरून घेतलंय. त्यातल्या आठ आऱ्या म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. सेवेला वेळ-काळ नसतो, हा त्याचा अर्थ. ब्रीदवाक्याचा अर्थही सोपा आहे : माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी.

गावाला खरंच काय मिळतं?

खरी कसोटी इथे लागते. शिबिरात वनराई बंधारा बांधतात, तो पाहा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंड शिवायचं आणि ओढ्यात आडव्या रचायच्या. खर्च जवळपास नाहीच, लागतात ते हात. अडवलेलं पाणी जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरींना आधार होतो. पण हा बंधारा ओढा वाहता असतानाच बांधावा लागतो. कॉलेजच्या सोयीची तारीख धरून ओढा आटल्यावर बांधला, तर उरतो फक्त फोटो.

झाडांचंही तसंच. रोप लावायला पाच मिनिटं पुरतात. उन्हाळ्यात त्याला पाणी कोण घालणार, हे आधी ठरवावं लागतं. म्हणून तर गाव ‘दत्तक’ घ्यायचं असतं. एकदा जाऊन येण्यासाठी नव्हे, पुन्हा पुन्हा जाण्यासाठी.

तुम्ही नोंदणी करणार असाल तर

कार्यक्रम अधिकाऱ्यांना तीन गोष्टी विचारा. दत्तक गाव कोणतं? यंदाचं काम गावकऱ्यांशी बोलून ठरलंय का? आणि गेल्या वर्षी केलेल्या कामाचं पुढे काय झालं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तर ते युनिट चांगलं समजा. नाही मिळालं, तरी नाव नोंदवा आणि पहिलं काम तेच करा : गावात जा आणि मागच्या वर्षीची रोपं मोजा.

देशमुख समितीला वाटत होतं, सेवा सक्तीची हवी. देशाने ती मुलांच्या मर्जीवर सोपवली. तो विश्वास योग्य होता की नाही, हे दरवर्षी नव्याने नोंदणी करणारी मुलं ठरवत असतात.