स्कोअरबुकात नसलेला रकाना : बाळू पालवणकर

पेटची तयारी करताना आपण 'विश्वसनीयता' आणि 'वैधता' यांच्या व्याख्या पाठ करतो. आज त्या जरा बाजूला ठेवू आणि एका बोलरचा रेकॉर्ड वाचू. मी विज्ञान शाखेची, त्यामुळे सुरुवात आकड्यांपासूनच करते.

बाळू पालवणकर. जन्म १८७६, डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१, म्हणजे दर बळीमागे जेमतेम पंधरा धावा. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. आकडे विश्वसनीय आहेत, कुणीही पुन्हा मोजू शकतं.

आता प्रश्न वैधतेचा. स्कोअरबुक हे मोजमापाचं साधन धरलं, तर ते नक्की काय मोजतं? बळी, धावा, षटकं. बाळू चांभार समाजातले होते. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात ते खेळपट्टीवर रोलर फिरवायचे आणि सरावाला गोलंदाजी टाकायचे. पुढे हिंदू क्लबने त्यांना संघात घेतलं, पण चहाच्या वेळी त्यांचा चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. चेंडू सगळ्यांचा एकच, कप मात्र वेगळा! यासाठी स्कोअरबुकात रकानाच नाही.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. संघात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघेही होते. सामना झाला बॉम्बे जिमखान्यावर. आम्ही मानखुर्दकर हार्बरने सीएसएमटीला उतरलो की चालत पोचतो, तिथेच. इतकं करूनही बाळू हिंदू संघाचे कर्णधार कधीच झाले नाहीत.

'जात आडवी आली' असं लगेच लिहून मोकळे होऊ नका. गाइड पहिला प्रश्न विचारतील, दुसरं कारण असू शकत नाही का? असू शकतं. त्या काळी कर्णधारपद शक्यतो बॅट्समनकडे जायचं, आणि बाळू गोलंदाज. शिवाय १९२० पर्यंत त्यांचं वय ४४ झालं होतं.

म्हणून तुलनेसाठी दुसरी केस हवी, आणि ती त्यांच्याच घरात सापडते. धाकटे भाऊ विठ्ठल हे उत्तम बॅट्समन. 'बॅट्समन नाही' हे कारण त्यांना लागूच होत नाही. तरी १९२० मध्ये त्यांनाही डावललं गेलं. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निषेध करून संघातून माघार घेतली, मग तडजोड झाली आणि बाळूंना उपकर्णधार केलं. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. तीन वर्षांत विठ्ठलांची बॅटिंग बदलली नव्हती. बाहेर अस्पृश्यतेवर उघड बोलणं सुरू झालं होतं, आत भावांनी 'नाही' म्हटलं होतं. एका केसने सिद्धता होत नाही, पण पहिलं स्पष्टीकरण यामुळे बरंच लंगडं पडतं, हे नक्की.

हे सगळं आपल्याला कळतं कुठून? विठ्ठलांनी १९४८ मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. पुढे रामचंद्र गुहांनी क्रिकेटचा सामाजिक इतिहास इंग्रजीत लिहिताना त्याचा आधार घेतला. मराठी साधनं 'दुय्यम' समजून बाजूला ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

बाळूंचा वारसाही सरळ रेषेत बसत नाही. तरुण आंबेडकरांना त्यांचा अभिमान होता. १९३७ च्या निवडणुकीत हेच दोघे समोरासमोर उभे राहिले, बाळू काँग्रेसकडून, आणि बाळू हरले. १९५५ साली ते गेले.

तुमच्या विषयाचा डेटा हातात आला की आधी रकान्यांची नावं वाचा. मग कोरा कागद घ्या आणि जे रकाने असायला हवे होते पण नाहीत, त्यांची यादी करा. पुष्कळदा सिनॉप्सिसचा खरा प्रश्न त्या दुसऱ्या यादीत असतो.