पांढरीच्या पोटातील नाणी

वऱ्हाडात गावच्या जमिनीचे दोन भाग मानण्याची जुनी चाल आहे. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळी निसर्गाने दिली. पांढरी माणसाने केली. मातीच्या भिंती उभ्या राहिल्या व पडल्या, त्यांवर नव्या उठल्या, चुलीची राख, फुटकी खापरे व गोठ्यातील कचरा त्यांत मिसळत गेला आणि शेकडो वर्षांनी त्याचे टेकाड झाले. बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर व घाटाखाली, अशी टेकाडे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबांची मूळ घरेही अशाच पांढरीवर उभी आहेत.

या पांढरीतून कधी नांगराच्या फाळाला, कधी पायाच्या खोदकामात, नाण्यांनी भरलेले मडके लागते. मग ते धन कोठे जाते? पुष्कळदा ते आपल्याच, म्हणजे सोनाराच्या दुकानी येते. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय निवडला, त्याचे कारण हेच होय.

भूमिगत धनाविषयी आपल्याकडे कथा कमी नाहीत. धनावर नाग बसतो, हंडा रात्री जागा बदलतो, त्याच्या साखळीचा आवाज येतो, असे आम्हीही बालपणी ऐकले आहे. परंतु धन पुरण्याची खरी कारणे साधी आहेत. त्या काळी खेड्यातील माणसाला पेढी सहज लाभत नसे. घराची जमीन हीच तिजोरी. त्यात आपला जिल्हा दक्षिणेत उतरणाऱ्या सैन्यांच्या वाटेवर होता. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या रोहिणखेडपाशी १४३७ साली बहमनी व खानदेशी फौजा भिडल्या. साखरखेर्डा येथे १७२४ साली निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि त्या विजयावरून गावाला फत्तेखेर्डा हे नाव मिळाले. फौज येत असल्याची वार्ता आली, की शहाणा गृहस्थ मडके जमिनीत ठेवून निघून जाई. तो परत आला, तर मडके त्याचे. आणि ते आज आपल्याला सापडते, याचा अर्थ बहुधा असा की तो परत आला नाही. सापडलेल्या प्रत्येक ठेव्यामागे असे एखादे मोडलेले घर असण्याचा संभव आहे, हे आपण विसरू नये.

ठेवा इतिहासाला काय सांगतो, हे समजण्यास फार विद्वत्ता नको. मडक्यातील सर्वांत अलीकडचे नाणे ज्या साली पडले, त्यापूर्वी ते मडके पुरले गेलेले असू शकत नाही. कोणत्या टांकसाळीची नाणी किती आहेत यावरून व्यापाराची वाट कळते. त्यांची झीज पाहून ती किती हातांतून फिरली, याचा अंदाज येतो. देवगिरीच्या यादवांचे सोन्याचे पद्मटंक घ्या. मध्ये कमळ आणि सभोवती निरनिराळे ठसे, त्यांतच राजाचे नाव. आणि हा प्रत्येक ठसा स्वतंत्रपणे ठोकलेला. आपल्या कारागिरांना तो हात तत्काळ ओळखता येईल.

एका ठेव्याने किती मोठा प्रश्न सुटू शकतो, याचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे मिळाले. १९०६ साली तेथे सुमारे १३,२५० चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप नहपानाची होती. पण त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. जिंकलेल्या राजाचे चलन आपल्या नावाने चालविणाऱ्या विजेत्याची साक्ष त्या मडक्यात होती. आपल्या शेजारी, मंगरूळपीरनजीकच्या तऱ्हाळा गावी १९३९ साली सातवाहनांची सुमारे सोळाशे नाणी निघाली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती अभ्यासिली. पुराणांतील राजावळीत ज्यांचा उल्लेख नाही, अशा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आदी राजांची नावे त्यांवरून उजेडात आली. हे दोन्ही ठेवे मुशीत गेले असते, तर काही शेर धातू तेवढा हाती लागला असता.

परंतु नाणे एकटे बोलत नाही; त्याच्या भोवतीची माती त्याच्याबरोबर बोलते. संग्रामपूर तालुक्यातील भोण येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी २००२ नंतर काही हंगाम उत्खनन केले. विटांचा बौद्ध स्तूप, भाजलेल्या मातीच्या कड्या एकावर एक बसवून केलेल्या विहिरी आणि पाण्याचा कालवा असे अवशेष तेथे मिळाले. दोन हजार वर्षांहून जुनी, पाण्याची योजना जाणणारी वस्ती पूर्णाकाठी नांदत होती, हे एरवी कोणी मानले असते? हेच भोण जिगाव प्रकल्पाच्या जलाशयक्षेत्रात येते. जिजाऊंच्या सिंदखेडराजा येथेही २०२४ साली लखुजीराव जाधवांच्या समाधीच्या जतनाचे काम चालू असता दगडी बांधकाम दिसले. पुढे खोदता मंदिराचे अवशेष आणि सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती प्रकट झाली. ज्या भूमीवरून पिढ्या चालत गेल्या, तिच्या पोटात असे वैभव होते. थर न बिघडवता, माप घेत खोदले म्हणूनच त्याचा अर्थ लागतो. घाईने फोडलेली पांढरी म्हणजे पाने फाडलेली पोथी होय.

आता आपल्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या आजोबांच्या दुकानची एक जुनी चोपडी आमच्यापाशी आहे. तीत एके ठिकाणी ‘पांढरीतील जुनी चांदी’ अशी नोंद असून पुढे तोळे, कस, बट्टा व रक्कम लिहिली आहे. हिशेब चोख आहे. एका गुंजेचीही चूक नाही. पण नाणी कोणत्या राजाची, किती, कोणत्या शेतात निघाली, याविषयी अक्षर नाही. त्या चांदीचे वाळे झाले असतील, तोडे झाले असतील. आजोबांना आम्ही दोष देत नाही. त्या काळी असे विचारण्याची रीतच नव्हती. मात्र ते पान उघडले की आमचे मन खिन्न होते.

वास्तविक आपला पूर्वापार मान याहून मोठा आहे. गावगाड्यात पोतदारी बहुधा सोनाराकडे असे. साऱ्यात आलेले नाणे खरे की खोटे, पुरे की हलके, हे पोतदाराने पारखावे आणि त्याच्या शब्दावर सरकार व रयत दोघांनी विसंबावे, अशी व्यवस्था होती. पोतदार हे आडनाव आपल्यांतील अनेक घराणी आजही अभिमानाने लावतात. जुन्या नाण्याची पहिली पारख आजही आपल्याच हाती होते. तेव्हा तो शब्द पाळण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

कायदाही अवघड नाही. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा भूमिगत ठेवा सापडल्यास त्याची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते. न देणे हा गुन्हा आहे. सरकारने ठेवा घेतल्यास धातूच्या किमतीवर तिचा एक पंचमांश अधिक देण्याची तरतूद त्यात आहे. शेतकरी भयाने दडवितो, कारण त्याला हे कोणी समजावून सांगत नाही. तो ज्याच्या दुकानाची पायरी प्रथम चढतो, त्याने ते सांगावे.

म्हणून ज्ञातिबंधूंस व भगिनींस आमची नम्र विनंती आहे. पांढरीतील नाणे काट्यावर आले, तर ते मुशीत घालू नका, चिंचेने वा आम्लाने उजळू नका, मडक्याची खापरे फेकू नका. नाणी जशी आली तशी एकत्र ठेवा, कोठे व किती खोल सापडली ते लिहून घ्या आणि आणणाऱ्या माणसासोबत जाऊन वर्दी द्या. घरी जुन्या चोपड्या असतील, तर त्या रद्दीत न घालता वाचून पाहा. आमच्या आजोबांच्या चोपडीत जी ओळ राहून गेली, ती आपल्या दुकानच्या वहीत यापुढे लिहिली जावी, एवढीच आमची इच्छा आहे.