झोका आणि उपचार : वेस्टिब्युलर उद्दीपनाचा इतिहास व शिक्रापूर परिसर

विकासविलंब असलेल्या बालकांच्या कारक विकासासाठी झोका, फिरती खुर्ची व मोठा चेंडू वापरणारी वेस्टिब्युलर उद्दीपन पद्धती शहरी उपचारकेंद्रांतून परिचित झाली आहे. डोके वळताच आंतरकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रव हलतो व त्याची वार्ता मेंदूस मिळून मान, डोळे आणि धड तोल सांभाळतात. या इंद्रियावरील संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक लाभले. उपचारास बळ दिले ते मात्र जीन एअर्स यांच्या १९७२ मधील संवेदी एकात्मतेच्या ग्रंथाने.

१९७७ मध्ये क्लार्क, क्रुट्झबर्ग व ची यांनी ३ ते १३ महिन्यांच्या, अद्याप न चालणाऱ्या बालकांना मांडीवर घेऊन फिरत्या खुर्चीत १६ सत्रे फिरविले. त्यांची कारक कौशल्ये तुलनागटापेक्षा सुधारली. ही बालके निरोगी होती, हे मात्र सहसा विसरले जाते. मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांतही याच संशोधकांनी १९७८ मध्ये लाभ नोंदविला. १९८० मध्ये सेलिक व ओव्हर यांना तो आढळला नाही. संवेदी उपचारांचा पुरावा मर्यादित असल्याचे पालकांना सांगावे, असे अमेरिकन बालरोग अकादमीने २०१२ मध्ये सुचविले.

महाराष्ट्रात व्यवसायोपचाराचे शिक्षण कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू केले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात शिक्रापूरनजीक वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला आणि गावातीलच माणसांना आरोग्यसेवक म्हणून घडविले. विकासविलंबाच्या प्रश्नात या दुसऱ्या परंपरेचे मोल अधिक मानावे लागेल. कारण मूल वेळेवर मान धरत नाही, हे प्रथम गावातच दिसते.

झुलविणे येथे नवे नाही. शेताच्या बांधावर बाभळीला टांगलेली झोळी बाळास शांत करते. पण दिवसभर झोळीत राहिलेल्या बाळास पालथे होण्यास, रांगण्यास जमीन मिळत नाही. कारक विकास मुलाच्या स्वतःच्या हालचालीतून घडतो. झोक्याने त्यास खेळाची गोडी लागेल, एवढेच. झटके येणाऱ्या मुलास वेगाने फिरविणे तर वैद्यकीय सल्ल्याविना टाळावे.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत तपासणी व जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र अशी रचना आहे. गाव ते जिल्हा हे अंतर मात्र आईनेच कापावयाचे असते. प्रयोगशाळेतील १६ सत्रे म्हणजे शिक्रापूरच्या मजूर आईचे १६ बुडालेले रोज.